अण्णांनी खाल्लेला मासा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात पावसाळी गटाराच्या एका नकाशावर लाल पेनाने खुणा करत होते. पलीकडून निखिल म्हणाला, "मेधा, अण्णा गेले." मी म्हणाले, "बरं." मग मी विचारलं, "ईराला शाळेतून कोण आणणार?" निखिल माझा नवरा, अण्णा माझे सासरे. माझं ते "बरं" त्याला फार लागलं, हे त्याने चार दिवसांनी सांगितलं. मी त्याची माफी मागितली, पण शब्द मागे घेतला नाही. आत दुसरं काही नव्हतंच. पाच वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाबद्दल आत एवढंच शिल्लक असावं याचं वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही.

दोन आठवड्यांनी पापाकुराच्या कम्युनिटी हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाने शोकसभा ठेवली. अण्णांचा फोटो, शेवंतीचा हार, उदबत्ती, आणि फोटोसमोर पांढऱ्या कागदात उलगडून ठेवलेले फिश अँड चिप्स. वर लिंबाची फोड. मंडळाच्या शैलाताई माईकवर म्हणाल्या, "आपल्या अण्णांचा हा नैवेद्य," आणि हॉलमधल्या निम्म्या बायकांनी डोळे पुसले. अण्णांची ती माशाची गोष्ट इथल्या मराठी लोकांत सगळ्यांना पाठ आहे. जन्मभर शाकाहारी राहिलेला म्हातारा बायकोच्या आठवणीखातर समुद्रावर जाऊन तिच्या आवडीचा मासा खातो, अशी. हॉलभर तळणीचा वास सुटला होता. मी उठून बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने शैलाताई मागोमाग आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू लिहितेस छान. आपल्या अंकाच्या पुरवणीत अण्णांवर तूच लिही. ती माशाची गोष्ट येऊ दे त्यात." मी म्हटलं, "लिहिते."

तर ती ही गोष्ट. शैलाताईंना हवी होती तशी नसेल.

माझ्या सासूबाई, सुलभा, वेंगुर्ल्याच्या. घरात दोन्ही वेळेला मासे. पुण्यात टेलिफोन खात्यात नोकरीला लागल्या, तिथे शेजारच्या इमारतीतल्या पाटबंधारे खात्यातल्या अण्णांशी ओळख झाली आणि लग्न ठरलं. अण्णांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. लग्नाआधी अण्णांनी एकच अट घातली, मासे कायमचे सोडायचे, आणि आईंनी ती मान्य केली. मी आईंना एकदा विचारलं होतं, "तुम्ही हो कसं म्हणालात?" त्या हसून म्हणाल्या, "अगं, बाविसाव्या वर्षी माणूस कशालाही हो म्हणतं." अट तेवढ्यावर थांबली नाही. आई वेंगुर्ल्याहून माहेरपण करून आल्या की अण्णा त्यांना आधी न्हाणीघरात पाठवायचे, बॅग गॅलरीत ठेवायला लावायचे आणि दोन दिवस त्यांच्या हातचं जेवायचे नाहीत. आई माहेरीही मासे खात नव्हत्या, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही. निखिल हे सगळं मला लग्नानंतर गंमत म्हणून सांगायचा. त्याला ते खरंच गमतीचं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटलं.

२०११च्या इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे फेब्रुवारीत, दोघं पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. ईरा तेव्हा तीन वर्षांची होती. एका शनिवारी आम्ही रॅग्लनला गेलो. आमच्या पापाकुरापासून पावणेदोन तासांवर आहे हे समुद्रकाठचं छोटं गाव. काळी वाळू, उन्हात इतकी तापते की जँडल्स, म्हणजे पायातल्या रबरी चपला, काढल्या की माणूस नाचायलाच लागतो. खाडीवर एक पादचारी पूल आहे, त्याच्या कठड्यावरून पोरं पाण्यात उड्या मारतात. अण्णांना ते बघायचं होतं, म्हणून निखिल त्यांना घेऊन तिकडे गेला. आई, ईरा आणि मी फिश अँड चिप्सच्या टेकअवेच्या रांगेत उभ्या राहिलो. मी माझ्यासाठीच घेणार होते. काचेमागे बर्फावर मासे मांडले होते. आई काचेला नाक लावून बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "गो बाय, ही तर तांबोशी!" तो त्यांचा आवाजच मला नवीन होता. पुण्यातल्या आई "गो बाय" म्हणत नसत. मी म्हटलं, "स्नॅपर म्हणतात इथे. खायचाय?" त्यांनी पुलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाल्या, "घे."

पुलाजवळच्या गवतावर एका बाकावर आम्ही बसलो. पांढरा कागद उलगडला, वाफ आली. आईंनी पहिला तुकडा मोडला आणि बोटांनी चाचपत राहिल्या. मी विचारलं, काय झालं? "काटे कुठे गेले याचे?" इथे काटे काढूनच तळतात हे त्यांना पटेचना. शेवटी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ नुसत्या चघळत बसल्या. मी म्हटलं, "मीठ कमी आहे का?" तर मानेनेच नाही म्हणाल्या. ईराला तहान लागली म्हणून मी समोरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, पाण्याची बाटली आणायला गेले. तिथेही रांग होती. परत आले तेव्हा अण्णा बाकासमोर उभे होते.

ते ओरडले नाहीत. अण्णा कधीच ओरडत नसत. ते म्हणाले, "म्हणजे अडतीस वर्षं तू मला फसवत होतीस." आई म्हणाल्या, "नाही हो, शपथ, आजच..." अण्णांनी त्यांच्या शेजारचा पुडा उचलला, चार पावलं चालत काठापर्यंत गेले आणि कागदाची दोन टोकं धरून, बिछान्याची चादर झटकावी तसा तो खाडीवर झटकला. सीगल्सनी एकच कल्ला केला. मग कागदाची नीट घडी घालून त्यांनी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि आईंना म्हणाले, "हात धू." तिथे एक सार्वजनिक नळ होता. आईंनी हात धुतले. "पुन्हा." त्यांनी पुन्हा धुतले. "पुन्हा." बाजूला इथली दोन-चार माणसं टॉवेल अंथरून बसली होती, ती बघायला लागली. एक बाई अर्धवट उठलीसुद्धा. मी पाण्याची बाटली हातात घेऊन उभी होते. निखिल गाडीच्या किल्लीशी खेळत होता. मी काय केलं? मी ईराला उचललं आणि म्हणाले, "चला, उन्हं वाढताहेत." त्या नळापाशी मी बोललेलं एवढं एकच वाक्य.

पावणेदोन तास गाडीच्या चारही काचा खाली होत्या. घरी आल्यावर आईंना डोक्यावरून आंघोळ करावी लागली. उरलेले सहा आठवडे अण्णा त्यांच्या हातचं जेवले नाहीत. माझ्या हातचं जेवले. मी म्हटलं, "अण्णा, मासा मीही खाते." ते शांतपणे म्हणाले, "तू माझी बायको नाहीस." आई हे सगळं ऐकत ओट्यापाशी ईरासाठी गुरगुट्या भात घोटत होत्या.

पुढच्या वर्षी पुण्यात आई गेल्या. हृदयविकाराचा झटका, दुपारी दोरीवरचे कपडे काढताना. त्याच्या महिनाभर आधी त्यांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मध्येच म्हणाल्या, "मेधा, त्या गावाचं नाव काय गं? मी विसरले." मी सांगितलं. "रॅग्लन... रॅग्लन," त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. मागे अण्णांच्या खोकल्याचा आवाज आला आणि त्यांनी विषय बदलला.

२०१४मध्ये अण्णा कायमचे आमच्याकडे आले. मी नको म्हणाले होते, हे इथे लिहून ठेवते. निखिल एकुलता एक, त्याच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, आणि माझ्याकडे नाही म्हणायला असं काही कारण नव्हतं की जे चारचौघांत सांगता येईल. सासऱ्यांनी सासूचे हात तीनदा धुवायला लावले, यावरून कोण कुणाला घराबाहेर ठेवतं? अण्णा आले. परसात मेथी लावली, मेथी उत्तम आली. ईराला रोज शाळेत सोडायचे, आणायचे, पाऊस असो नाहीतर बोचरा वारा असो, एक दिवस चुकले नाहीत. हे लिहिताना मला त्रास होतो, पण खोटं लिहायचं नाही म्हटलं की हेही लिहावं लागतं.

वर्षभराने एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "मला रॅग्लनला न्या." आम्ही गेलो. दुकानात शिरल्यावर त्यांनी आम्हाला मागे उभं केलं, स्वतः काउंटरवर गेले आणि सरकारी पत्र वाचून दाखवावं तशा इंग्रजीत म्हणाले, "वन स्नॅपर, प्लीज. अँड वन स्कूप ऑफ चिप्स." बाकावर बसून अण्णांनी तो मासा खाल्ला. वरचं कुरकुरीत आवरण सोलून बाजूला ठेवलं, आतला पांढरा मासा तेवढा खाल्ला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सुलभाला आवडायचा," म्हणाले. निखिलही रडला. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात टाकला. मी उठले आणि वाळूत चालत सुटले, जँडल्स हातात घेऊन, पाय भाजले तरी. मला त्या क्षणी काय वाटत होतं ते सांगते. मला वाटत होतं, हा माणूस तिच्या वाटणीचं खातोय. ती होती तेव्हा हिसकावून घेतलं, आणि आता ती नाही तर स्वतः बसून, सावकाश, सगळ्यांच्या देखत खातोय, आणि आम्ही त्याची कीव करायची.

मग ते दर महिन्याचं झालं. निखिल गाडी काढायचा, अण्णा टोपी घालून पुढे बसायचे. मंडळात कुणीतरी विचारलं, कुणीतरी दुसऱ्याला सांगितलं. त्या वर्षीच्या गणपतीत शैलाताईंनी अण्णांना स्टेजवर बोलावलं. मी मागच्या रांगेत प्रसादाच्या वाट्या भरत होते. अण्णा माईकवर म्हणाले, "आमच्या हिने माझ्यासाठी अडतीस वर्षं मासे सोडले. इथे आल्यावर मी म्हटलं, पुरे झालं आता, आणि मीच तिला पुडा आणून दिला. म्हटलं, खा गं, मनसोक्त खा. तिने तो खाल्ला, आणि पुढच्याच वर्षी गेली. त्या दिवशी मी तिच्यासोबत एक घास खाल्ला असता तर... म्हणून आता खातो."

टाळ्या. मी आजूबाजूला बघितलं. निखिलही टाळ्या वाजवत होता.

घरी येताना मी त्याला विचारलं, "तू ऐकलंस ना काय बोलले ते?" "जाऊ दे गं. म्हातारा माणूस आहे." "अरे, पण तसं झालं नाही." तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "इतकं कुठे आठवतं आता..." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या दिवशी तिथे आम्ही होतो चौघं मोठी. एक गेली होती, एक खोटं सांगत होता आणि तिसरा विसरलो म्हणत होता. उरले मी. आणि मी तर तेव्हाही गप्पच होते.

२०१८मध्ये ईराला शाळेत आजी-आजोबांवर लिहायला सांगितलं होतं. तिने अण्णांची गोष्ट लिहिली, तीच, स्टेजवरची. वर चित्र काढलं होतं. आजी बाकावर बसली आहे आणि आजोबा वाकून तिला पुडा देताहेत. बाईंनी तो कागद वर्गाच्या भिंतीवर लावला. ईरा मला म्हणाली, "मम, इट्स सो रोमँटिक." त्या भिंतीसमोर मी उभी राहिले आणि ठरवलं, की आता पुरे.

पुढच्या फेरीत मी गाडीत बसले. निखिल आणि ईरा पाण्यात उतरले तेव्हा बाकावर आम्ही दोघंच होतो. अण्णा मासा सोलत होते. मी म्हटलं, "ईराला खोटं का सांगितलंत?"

त्यांनी वर न बघता विचारलं, "काय खोटं?"

"तुम्ही आईंना पुडा दिला नव्हता, अण्णा. तुम्ही तो खाडीत फेकलात. त्यांना तीनदा हात धुवायला लावलेत. तो नळ तिथेच आहे अजून."

त्यांनी घास गिळला. "माझी बायको होती. तिची आठवण कशी ठेवायची ते मी ठरवीन."

"ती त्यांची आठवणच नाही. तुम्ही कसे वागायला हवे होतात, ते तुम्ही लोकांना सांगत सुटलाय."

अण्णांनी हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू कुठे होतीस गं? पाण्याची बाटली धरून उभी होतीस. घर तुझं, गाडी तुझी, नोकरी तुझी. मी परक्या देशात आलेला पाहुणा. तू एक शब्द बोलली असतीस तर मी काय करणार होतो? पासपोर्ट घेऊन चालत जाणार होतो? पण तू म्हणालीस, उन्हं वाढताहेत." त्यांना ते वाक्य जसंच्या तसं आठवत होतं. "माझं खरं सगळ्यांना सांग. जरूर सांग. पण मग तुझंही सांग." आणि पुडा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "चिप्स घे. गार होताहेत."

मी चिप्स घेतल्या नाहीत. त्यानंतर आम्ही एकमेकांशी वाढू का, पुरे, एवढंच बोललो. जवळजवळ वर्षभर. मी त्यांचा तिरस्कार करत होते, आणि तो आता जास्तच झाला होता, कारण त्यांचं एक वाक्य मला खोडता येत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी त्यांना चमच्याने सूप भरवायला गेले तर त्यांनी तोंड फिरवलं. "निखिलला बोलाव," म्हणाले. मी चमचा ठेवला आणि निखिलला बोलावलं. ती आमची शेवटची भेट. हात हातात घेतले नाहीत, माफी कुणी कुणाची मागितली नाही.

म्हणून हे सगळं लिहिलं, माझ्यासकट. परवा रविवारी सकाळी पानं छापून जेवणाच्या टेबलावर निखिलपुढे ठेवली. त्याचे वडील आहेत, त्याने आधी वाचावं. तो वाचत असताना मी समोरच बसले होते. मला वाटलं होतं तो चिडेल, हे पाठवू नकोस म्हणेल. त्याने शेवटचं पान उलटं ठेवलं आणि खिडकीबाहेर अण्णांच्या मेथीच्या वाफ्याकडे बघितलं.

मग म्हणाला, "तू पाणी आणायला गेलीस तेव्हाचं यात नाही."

"मी तिथे नव्हते."

"मी पुलावरून बघत होतो." "आईला बघितलं मी खाताना. अण्णांची पाठ होती तिकडे. मी त्यांना म्हणत होतो, थांबा, अजून एक पोरगा उडी मारतोय, बघू या. मग तो झाल्यावर अजून एक. तीन-चार वेळा थांबवलं. मग ते ऐकेनात..."

म्हणजे त्याला सगळं आठवत होतं. गाडीत "कुठे आठवतं आता" म्हणाला तेव्हाही, गणपतीत टाळ्या वाजवल्या तेव्हाही. माझा राग एकट्या अण्णांवर होता तोवर सोपं होतं. मी खुर्ची मागे सारून उठणार होते. आठ वर्षं काय म्हणून गप्प बसलास, हे विचारणार होते, आणि त्याने मला तोच प्रश्न परत विचारला असता. पण त्याआधी दारातून ईरा म्हणाली, "व्हॉट वॉज आजी डूइंग?" ती कधीपासून तिथे उभी होती कुणास ठाऊक. मराठी तिला सगळं कळतं.

निखिलने तिला जवळ बोलावलं नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. टेबलाकडे बघत म्हणाला, "तू तिच्या मांडीवर होतीस. ती फुंकर मारून मारून तुला भरवत होती. एक घास तुला, एक तिला."

"डिड आय लाइक इट?"

"तोंड उघडंच ठेवून बसली होतीस," निखिल म्हणाला. "तिचा हात यायच्या आधीपासून."